हळवीं सफरचंदें व त्यांचा रस

भाताच्या शेतीशीं ज्यांचा संबंध आहे त्या आमच्या वाचकांस 'हळवें' आणि 'गरवें' हे शब्द नव्यानें सांगावयास नकोत. जें पीक लवकर हातीं येतें तें हळवें, आणि जें पाऊस सरल्यावर सावकाश पिकतें तें गरवें. सफरचंदांतही हेच दोन वर्ग आहेत. परंतु ही गोष्ट आपल्यापैकीं पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं, कारण आपल्या बाजारांत दिसणारें सफरचंद बहुधा गरव्या जातीचें असतें. तें शीतगृहांत महिनेच्या महिने टिकतें, दूरचा प्रवास सोसतें, आणि आजाऱ्याच्या उशाशीं चार दिवस पडून राहिलें तरी फारसें बिघडत नाहीं. हळव्या सफरचंदाचा स्वभाव याच्या अगदीं उलट आहे. इंग्लंडांत तें जुलैच्या अखेरीपासून ऑगस्टपर्यंत पिकतें, थोडे दिवस आपल्या रंगानें व वासानें सर्वांचें मन वेधून घेतें, आणि पाहतां पाहतां पिठूळ होऊन नासूं लागतें. ज्या कुटुंबाच्या परसांत असें एखादें जुनें झाड आहे त्याच्यापुढें दर वर्षीं एकच प्रश्न उभा राहतो: पंधरा दिवसांत एकदम हातीं येणाऱ्या या पोतीं दोन पोतीं फळांचें करावयाचें काय? शेजारीपाजारीं वांटून, मुरंबा घालून, मुलांनीं यथेच्छ खाऊनही तीं उरतात. त्या उरलेल्या फळांचा रस काढणें हें तिकडील लोकांचें फार जुनें उत्तर होय. तो रस चांगला निघण्यास फळें कधीं व कशीं काढावीं, आणि त्यांत निष्काळजीपणा केल्यास काय अनर्थ होतो, याचा विचार आम्ही या लेखांत करणार आहों.

या रसास इंग्रजींत 'सायडर' म्हणतात. शाळेच्या वार्षिकांत अशा विषयास जागा कशी मिळाली असें कोणी पालक विचारतील, म्हणून या शब्दाचा खुलासा आरंभींच केलेला बरा. इंग्लंडांत सायडर म्हणजे आंबवलेला, मद्यार्क असलेला रस. अमेरिकेंत मात्र नुसत्या ताज्या गोड रसासही सायडरच म्हणतात, आणि आंबवलेल्या रसास 'हार्ड सायडर' असें वेगळें नांव देतात. ज्यांनीं पहाटेची नीरा चाखली आहे व तीच नीरा उन्हें वर आल्यावर कशी होते हें पाहिलें आहे, त्यांस हा भेद समजावयास अडचण पडूं नये. वस्तु एकच, मध्यें गेला तो वेळ, आणि त्या वेळांत काम केलें तें डोळ्यांस न दिसणाऱ्या किण्वांनीं. आम्ही येथें मुख्यतः गोड रसाविषयीं लिहीत आहों. आंबलेल्या रसाचा उल्लेख विषयाच्या ओघांत जेथें अवश्य आहे तेथेंच करूं.

सफरचंदाचें झाड थंड प्रदेशांतलें. हिवाळ्यांत तें निष्पर्ण होऊन झोपी जातें, एप्रिल-मे महिन्यांत फुलतें, आणि मग फळ धरतें. गरव्या जातीच्या फळास पक्व होण्यास ऑक्टोबर, क्वचित् नोव्हेंबर उजाडतो. म्हणजे उन्हाळ्याचें सगळें ऊन त्याच्या वांट्यास येतें. हळव्या फळास एवढा अवकाश मिळत नाहीं. म्हणून त्याच्या रसांत साखर कमी, आंबटपणा अधिक आणि तुरटपणा जवळजवळ नाहींच, असा प्रकार बहुधा असतो. हा आंबटपणा ज्या आम्लामुळें येतो तें मॅलिक आम्ल स्वीडनमधील शेले नांवाच्या रसायनशास्त्रज्ञानें १७८५ सालीं सफरचंदाच्या रसांतूनच प्रथम वेगळें काढलें, आणि त्याचें नांवही सफरचंदाच्या लॅटिन नांवावरूनच पडलें. इंग्लंडांत १५ जुलै हा सेंट स्विदिन या बिशपांचा दिवस. त्या दिवशीं पाऊस पडला म्हणजे सफरचंदांचा बाप्तिस्मा झाला, असें जुने लोक म्हणत. समजूत मोठी गोड आहे, पण झाड पंचांग पाहून फळ पिकवीत नाहीं. आणि एकाच झाडावरील फळें देखील एका दिवशीं पिकत नाहींत. शेंड्याकडील व उन्हांतलीं आधीं, आंतलीं व पानांच्या सावलींतलीं मागाहून.

मग फळ पिकलें हें ओळखावें कसें? मुलांचें उत्तर ठरलेलें: खालीं पडलें म्हणजे पिकलें. कोंकणांतील व गोमंतकांतील विद्यार्थी तर हें विशेष ठासून सांगतील, कारण काजूच्या बाबतींत तें खरेंही आहे. काजूचें बोंड पूर्ण पिकल्यावर आपोआप गळतें, आणि गोमंतकांत रसासाठीं बोंडें गोळा करणारे लोक झाडावरचीं न तोडतां गळालेलींच वेंचतात. पण सफरचंदाचें, त्यांतही हळव्या सफरचंदाचें, गळणें इतकें विश्वासाचें नाहीं. पेलतील त्यांहून अधिक फळें धरलीं म्हणजे झाड जून-जुलैच्या सुमारास पुष्कळ कोंवळीं फळें स्वतःच टाकून देतें. पुढें ज्या फळांत 'कॉडलिंग' नांवाच्या पतंगाची अळी शिरते तीं अकालीं रंगतात व इतरांच्या आधीं पडतात. म्हणजे झाडाखालीं दिसणारें पहिलें रंगलेलें फळ हें पहिलें पक्व फळ नसून पहिलें किडलेलें फळ असण्याचाच संभव फार. याखेरीज कांहीं जातींचा देंठच मुळीं सैल. 'ब्यूटी ऑफ बाथ' नांवाची एक सुंदर हळवी जात इंग्लंडांत एके काळीं फार लावीत. तिचीं फळें पुरतीं तयार होण्याच्या आधींच इतकीं गळत कीं, पडणारें फळ ठेंचूं नये म्हणून बागवान झाडाखालीं पेंढा पसरून ठेवीत.

रंगावरही विसंबून चालत नाहीं. फळाचा तांबडा रंग पुष्कळसा उन्हाचा प्रसाद असतो. पाहावयाचा तो तांबड्याच्या मागचा मूळ रंग. तो गर्द हिरवा असेल तर फळ कच्चें. तो फिका होऊन पिवळसर छटा घेऊं लागला म्हणजे दिवस भरत आले. 'यलो ट्रान्सपरंट' ही जात १८७० सालीं अमेरिकन सरकारच्या शेतकी खात्यानें रशियाहून नेली. तिला तर तांबडेपणा नाहींच. हिरव्यावरून फिकट पिवळ्यावर येईपर्यंत तिची वाट पाहावी, पण त्यापुढें चार दिवस राहिली तर ती कामांतून गेलीच म्हणून समजावें. दुसरी खूण हाताची. फळ तळहातांत धरून, देंठ आडवा होईपर्यंत अलगद वर उचलावें व किंचित् पिरगळावें. पिकलें असल्यास देंठ आपल्या सांध्यापाशीं सहज सुटतो. ओढाताण करावी लागली तर आणखी दोन दिवस थांबावें. ओढून तोडल्यास फळाबरोबर आंखूड फांदीही तुटते, आणि पुढील वर्षाचा फुलोरा त्याच फांदीवर यावयाचा असतो. तिसरी खूण बियांची. गरव्या फळांत पांढऱ्या बिया गडद तपकिरी झाल्या म्हणजे फळ पिकलें असें म्हणतां येतें. हळव्या फळांत मात्र ही खूण फसवी आहे, कारण बिया पुरत्या रंगण्यापूर्वींच गर तयार होतो. पुष्कळ पुस्तकांत ही खूण सरसकट दिलेली असते, म्हणून आम्हीं मुद्दाम सांगितलें.

सर्वांत खात्रीची खूण रसायनशास्त्राची आहे, आणि ती शाळेंतील विद्यार्थ्यासही पडताळून पाहतां येते. कच्च्या फळांत पुढील साखरेचा कांहीं भाग पिष्टाच्या रूपानें सांठविलेला असतो. परीट कपड्यांस जी खळ देतो तें पिष्टच. फळ पिकूं लागलें म्हणजे या पिष्टाची हळूहळू साखर होते. पिष्टावर आयोडीनचा थेंब पडला कीं निळा-काळा डाग उमटतो, साखरेवर उमटत नाहीं. म्हणून सफरचंद आडवें कापून त्याचा कापलेला भाग आयोडीनच्या पातळ द्रावणांत मिनिटभर बुडवितात. सगळा भाग काळा पडला तर फळ कच्चें. बियांच्या कोशाभोंवतीं पांढरें राहून सालीकडे काळें कडें उमटलें तर पिष्ट आंतून बाहेर ओसरत चाललें आहे. रसासाठीं जें फळ पाहिजे तें असें कीं, ज्यावर काळेपणा जवळजवळ उमटतच नाहीं. खाण्यासाठीं दूर पाठवावयाचें फळ याहून आधीं तोडतात, कारण तें वाटेंत पिकतें. रसाची गोष्ट तशी नाहीं. रसांत उतरलेलें पिष्ट रसास गढूळ मात्र करतें. त्याची पुढें साखर होत नाहीं. फळांत जेवढी गोडी झाली असेल तेवढीच रसांत यावयाची.

हा प्रयोग आम्हीं वर्गांत केळ्यांवर करून पाहिला, कारण आमच्याकडे झाडावरचें सफरचंद कोठून यावयाचें? एक भाजीचें हिरवें केळें, एक नुकतें पिवळें झालेलें आणि एक सालीवर काळे ठिपके पडलेलें, अशीं तीन केळीं आडवीं कापून प्रत्येकावर पाणी घालून पातळ केलेल्या टिंक्चर आयोडीनचे दोन दोन थेंब सोडले. हिरव्याची चकती शाईंत बुडविल्यासारखी काळी झाली, पिवळ्याची ठिकठिकाणीं, आणि ठिपकेवाल्याची केवळ आयोडीनच्या रंगानें पिवळट. एका विद्यार्थ्यानें बाजारांतून आणलेल्या सफरचंदाची फोडही लावून पाहिली; तिच्यावर डाग उमटलाच नाहीं. तें फळ तोडून बहुधा कित्येक महिने लोटले असावेत. घरीं कोणास हें करून पाहावयाचें असेल त्यानें तें वडील माणसांच्या देखत करावें, आणि आयोडीन लागलेली फोड कोणींही तोंडांत घालूं नये.

पक्वता ठरली म्हणजे तोडणीस लागावें. झाड हालवून सगळीं फळें एकदम पाडणें हें सोपें खरें, पण हळव्या फळास तें मानवत नाहीं; त्याचा गर मऊ, ठेंच लागतांच तो तपकिरी पडतो. सॉमरसेट व हेरफर्ड या भागांत सायडरचीं गरवीं फळें लांब काठीनें पाडीत व रास करून दोनतीन आठवडे मुरूं देत. पिष्ट उरलें असेल तर तेथें त्याची साखर होई. आपल्याकडे आंबे अढींत घालतात तसाच हा प्रकार. हळवीं सफरचंदें अशीं अढींत घालणें म्हणजे तीं गमावणें होय. पिकतांना फळ 'एथिलीन' नांवाचा वायु सोडतें, तो शेजारच्या फळास पिकवितो, आणि हळव्या जातींत हें सर्व इतक्या झपाट्यानें होतें कीं, सोमवारीं टणक असलेलें फळ शनिवारीं पिठूळ झालेलें आढळतें. पिठूळ फळ गोड लागलें तरी त्याचा रस नीट निघत नाहीं. गराच्या सूक्ष्म पेशींस एकमेकींशीं जोडणारें पेक्टिन विरघळून गर सुटा होतो, आणि दाबयंत्रांतून रसाऐवजीं लापशी बाहेर येऊं लागते. म्हणून दर दोनतीन दिवसांनीं झाडाभोंवतीं फेरी करावी, तयार झालेलींच फळें काढावीं, आणि त्यांचा रस त्याच दिवशीं, फार तर दुसऱ्यातिसऱ्या दिवशीं काढावा. एका झाडाची तोडणी अशी तीनचार वेळां करावी लागते. हें काम कंटाळवाणें आहे हें आम्ही कबूल करतों. ऑगस्टांत तिकडील शाळांस सुटी असते, तेव्हां तें बहुधा घरांतील मुलांच्याच गळ्यांत पडत असेल.

मुलांकडे काम आलें कीं पडलेल्या फळांचा प्रश्न येतोच, कारण त्यांसाठीं शिडी चढावी लागत नाहीं. जुन्या काळीं सायडर करणारे लोक मातींत मळलेलीं, अर्धवट कुजलेलीं फळें सुद्धां घाण्यांत टाकीत, आणि आंबतांना सर्व दोष निघून जातात अशी त्यांची समजूत असे. गोड रसाच्या बाबतींत ही समजूत प्राणघातक ठरूं शकते. १९९६ च्या ऑक्टोबरांत अमेरिकेच्या पश्चिम भागांत व शेजारच्या कॅनडांत न तापविलेला सफरचंदाचा रस पिऊन साठांहून अधिक लोक आजारी पडले. त्यांत लहान मुलें पुष्कळ होतीं, आणि एक तान्ही मुलगी दगावली. त्या रसांत 'ई. कोलाय' नांवाच्या जंतूची एक भयंकर जात सांपडली. हा जंतु गुरांच्या व हरणांच्या आंतड्यांत राहतो. ज्या गवतांत शेण पडतें त्याच गवतांत पडलेल्या फळास तो चिकटूं शकतो, आणि रसाचा आंबटपणा त्यास मारण्यास पुरत नाहीं. पुढें १९९८ सालीं अमेरिकन सरकारनें न तापविलेल्या रसाच्या बाटलीवर धोक्याची सूचना छापणें आवश्यक केलें. तेव्हां ज्या परसांत गुरें, शेळ्या किंवा कोंबड्या फिरतात तेथील पडलेलें फळ, तें दिसण्यांत कितीही चांगलें असो, रसासाठीं घेऊं नये. जेथें जनावरें फिरकत नाहींत तेथें त्याच दिवशीं पडलेलें, न फुटलेलें फळ स्वच्छ धुऊन घेण्यास हरकत नाहीं. पण तेंही रस तापविणार असाल तरच.

कुजलेल्या फळाची गोष्ट आणखी निराळी आहे. त्यावर वाढणाऱ्या निळसर बुरशीपासून 'पॅट्युलिन' नांवाचें विष तयार होतें, आणि तें तापविल्यानें पुरतें नाहींसें होत नाहीं. एक किलो रसांत या विषाचें प्रमाण ५० मायक्रोग्रॅमहून अधिक असूं नये अशी आंतरराष्ट्रीय मर्यादा आहे. मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहालक्षावा भाग. कुजका भाग कापून उरलेली फोड वापरण्याचा मोह काटकसरी माणसास होतोच, पण येथें ती काटकसर कामाची नाहीं. फळ सबंध टाकून द्यावें. किडीचें तसें नाहीं: भोंवताल सडलेला नसेल तर अळीची वाट कापून काढली म्हणजे उरलेलें फळ चालतें.

निवडून धुतलेलीं फळें ठेंचून त्यांचा चोथा करतात, तो फडक्यांत गुंडाळून एकावर एक थर रचतात, आणि स्क्रूच्या दाबयंत्राखालीं पिळतात. गुऱ्हाळांतील चरकाचा ज्यांस परिचय आहे त्यांस याहून अधिक वर्णन नको. दहा किलो चांगल्या फळांपासून घरगुती यंत्रावर पांचसहा लिटर रस मिळतो. यंत्र व भांडीं कशाचीं असावींत हा प्रश्न मात्र किरकोळ नव्हे. त्याचा इतिहास आमच्या वाचकांनीं अवश्य ऐकावा असा आहे.

इंग्लंडच्या नैर्ऋत्येस डेव्हन नांवाचा परगणा आहे. अठराव्या शतकांत तेथें सायडरच्या हंगामांत पोटशुळाची जणूं सांथच येई. रोगी पोट धरून तळमळत, कोठा बद्ध होई, आणि कित्येकांचे हात मनगटापासून लुळे पडत. प्लिमथ येथील हक्सम नांवाच्या विद्वान् डॉक्टरांनीं १७३९ सालीं या रोगाचें उत्तम वर्णन केलें, पण दोष दिला तो सायडरच्या आंबटपणास. पुढें १७६७ सालीं डॉक्टर जॉर्ज बेकर यांनीं निराळाच विचार मांडला. हेरफर्ड परगण्यांतही लोक सायडर पितात; मग तेथें हा रोग कां नाहीं? दोन्हीं ठिकाणची चौकशी करतां त्यांस असें आढळून आलें कीं, डेव्हनमध्यें दगडी घाण्यांचे सांधे शिशानें भरीत व रसाच्या कुंडांस शिशाचे पत्रे लावीत. हेरफर्डकडे तसें करीत नसत. रसांतील आम्लानें शिसें विरघळे व तें रसाबरोबर पोटांत जाई. बेकर यांनीं रासायनिक परीक्षा करून डेव्हनच्या सायडरांत शिसें प्रत्यक्ष दाखवून दिलें. ते स्वतः डेव्हनचेच. तरीही तेथील बागाइतदारांनीं, एवढेंच काय, धर्मोपदेशकांनींही त्यांच्यावर टीकेचा भडिमार केला, कारण परगण्याचा मोठा व्यापार बुडण्याची भीति होती. आपल्याच गांवचा माणूस आपल्या मालाचें उणें काढतो हें कोणास आवडणार? तथापि पुढें यंत्रांतून शिसें काढून टाकण्यांत आलें, आणि रोग ओसरला.

आमच्या घरांतील वडील बायका यांतलें अर्धें रसायनशास्त्र न शिकतां जाणत आल्या आहेत. कल्हई उडालेल्या पितळेच्या पातेल्यांत ताक किंवा चिंचेचें सार ठेवलें तर तें कळकतें, हें सांगावयास त्यांस डॉक्टर बेकर लागले नाहींत. सफरचंदाच्या रसास तोच नियम लागू आहे. पितळ, तांबें, जस्ताचा मुलामा दिलेली बादली हीं सर्व वर्ज्य. लोखंडही नको, कारण रसांतील तुरट द्रव्याशीं त्याचा संयोग होऊन रस काळवंडतो. हिरडा व हिराकस यांच्या जुन्या शाईचें मर्म हेंच. लांकूड, कांच व स्टेनलेस स्टील यांस भीति नाहीं.

रस हातीं आला म्हणजे त्याची गोडी मोजतात. दुधांत पाणी आहे कीं काय हें पाहण्यास जें लॅक्टोमीटर वापरतात त्याच्याच जातीचें हायड्रोमीटर रसांत सोडतात. पाण्याचें विशिष्ट गुरुत्व १.००० धरलें तर हळव्या फळांच्या रसाचें सुमारें १.०४० ते १.०४५ भरतें, आणि चांगल्या गरव्या फळांच्या रसाचें १.०५५ किंवा त्याहूनही अधिक. ब्रिस्टल शहराजवळ लाँग ॲश्टन येथें १९०३ सालीं फळें व सायडर यांच्या अभ्यासासाठीं एक संस्था निघाली. ती पुरीं शंभर वर्षें चालून २००३ सालीं बंद झाली. तेथील प्राध्यापक बार्कर यांनीं सायडरच्या सफरचंदांचे गोड, कडू-गोड, आंबट आणि कडू-आंबट असे चार वर्ग पाडले. रसांत आम्ल शेंकडा ०.४५ हून अधिक तें फळ आंबट, व टॅनिन शेंकडा ०.२ हून अधिक तें कडू. परसांतील हळवें फळ या हिशेबानें बहुधा नुसत्या आंबट वर्गांत पडतें. म्हणून एकट्या त्याचा रस पातळ व दांत आंबवणारा लागतो, आणि जाणते लोक त्यांत शेजाऱ्याच्या झाडाचीं गोड फळें मिसळतात. 'डिस्कव्हरी' ही जात मात्र हळवी असून त्यांतल्या त्यांत गोड. सालीचा तांबडेपणा तिच्या गरांत उतरत असल्यामुळें तिचा रस गुलाबी छटेचा निघतो.

रस टिकवावयाचा तर तो तापविला पाहिजे. किमान ७१ अंश सेंटिग्रेडपर्यंत, उकळी न आणतां, तापवून तो स्वच्छ बाटल्यांत भरतात व शीतकपाटांत ठेवतात. महिनेच्या महिने ठेवावयाचा असेल तर भरलेल्या बाटल्या पुन्हां कढत पाण्यांत कांहीं वेळ ठेवतात. आंबण्याचें कारण सूक्ष्म जीव आहेत हें फ्रान्समध्यें लुई पास्तर यांनीं दाखवून दिल्यावर, अमेरिकेंतील व्हाइनलंड येथें वेल्च नांवाच्या दंतवैद्यांनीं १८६९ सालीं त्याच युक्तीनें द्राक्षांचा रस न आंबवितां टिकविला. ते मेथडिस्ट मंडळीचे सभासद होते, आणि प्रभुभोजनाच्या विधींत मद्याऐवजीं गोड रस देतां यावा हा त्यांचा हेतु होता. न तापविलेला रस तसाच ठेवल्यास थोड्याच दिवसांत फेंसाळूं लागतो. साखरेचा मद्यार्क होतो, आणि वारा लागूं दिला तर मद्यार्काचा पुढें शिरका. हळव्या रसांत मुळांत साखरच कमी, म्हणून त्याचा शिरकाही सौम्य. इंग्लंडच्या पश्चिम भागांत शेतमजुरांस मजुरीचा एक हिस्सा सायडरच्या रूपानें देण्याची चाल पिढ्यान्‌पिढ्या होती. १८८७ च्या कायद्यानें तिला बंदी केली. मजुरी पिऊन संपल्यावर घरीं काय न्यावें, हा प्रश्न त्या मजुरांच्या बायकामुलांस आमच्यापेक्षां चांगला कळत असेल.

पिळून उरलेला चोथा गुरांपुढें टाकतात. पण त्यांतील बियांचीही एक कथा आहे. जॉन चॅपमन (१७७४–१८४५) नांवाचे एक अमेरिकन फिरते उपदेशक पेन्सिल्व्हेनियांतील सायडरच्या घाण्यांवरून बिया गोळा करीत, आणि ओहायो व इंडियाना या त्या वेळच्या नव्या वसाहतींत त्यांच्या रोपवाटिका लावीत. आतां सफरचंदाचें रोप बीपासून आईसारखें निघत नाहीं. जात कायम राखावयाची तर कलमच करावें लागतें. चॅपमन यांस कलम करणें पसंत नसे. त्यामुळें त्यांच्या झाडांचीं फळें बहुतेक आंबट निघत, म्हणजे पुन्हां सायडरच्याच कामाचीं.

आपल्या देशांत याच्या उलट घडलें. सॅम्युअल स्टोक्स हे अमेरिकन तरुण १९०४ सालीं कुष्ठरोग्यांच्या सेवेसाठीं हिंदुस्थानांत आले, आणि पुढें सिमल्यापलीकडील कोटगड भागांत स्थायिक झाले. १९१६ च्या सुमारास त्यांनीं तेथें 'डिलिशस' जातीचीं अमेरिकन कलमें लावलीं, आणि गांवकऱ्यांसही लावावयास उत्तेजन दिलें. स्वातंत्र्याच्या चळवळींत त्यांनीं तुरुंगवास भोगला. १९३२ सालीं हिंदु धर्म स्वीकारून ते सत्यानंद झाले. त्यांनीं आणलेलें सफरचंद गोड, खाण्याचें व टिकाऊ, आणि त्या डोंगरी मुलुखाची स्थिति त्यानें पालटली. आतां हिमाचल प्रदेशांत 'टायडमन' नांवाची एक हळवी जातही लावतात. तिचीं फळें जुलैच्या आसपास, मुख्य हंगामाच्या आधीं, मंडईंत येतात. पण तीं फार दिवस टिकत नाहींत. विकावयास न जमणारीं डागाळलेलीं सफरचंदें तेथील सरकारी फलोत्पादन महामंडळ विकत घेतें आणि परवाणू येथील कारखान्यांत त्यांचा रस काढून आटवितें. जुलै महिन्यांत असें एखादें ताजें हळवें फळ आमच्या वाचकांपैकीं कोणाच्या हातीं लागलें, तर त्यांनीं तें त्याच दिवशीं आडवें कापावें व एका फोडीवर आयोडीनचा थेंब टाकून पाहावा. काळें कडें कितपत उमटतें तें आम्हांस अवश्य कळवावें.